अठरावं नाव

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सतरा नावं लिहून झाली. अठरावं राहिलंय आणि मी तीनदा चहा केलाय.

करिष्मा की निवेदिता?

जूनमध्ये पालकांच्या सभेत मीच उभी राहून बोलले होते – "यंदा चषकामागे धावायचं नाही. मुली घडवायच्या. अठरापैकी सहा जागा नवख्या मुलींच्या. प्रत्येक मुलगी प्रत्येक सामन्यात मैदानात उतरणार म्हणजे उतरणार." टाळ्या पडल्या होत्या. करिष्माचे वडील, ज्योतीराम, खुर्च्या रिकाम्या असून मागे भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच.

सहा म्हणाले होते. आत्ता मोजल्या तर नवख्या तीनच. करिष्मा घेतली तर चार.

निवेदिता सप्टेंबरात आली. मारुंजीची, दुसऱ्या क्लबात सहा वर्षं हॉकी खेळलेली. तयार पोरगी. पेनल्टी कॉर्नरला तिचा फटका आला की आमची गोलकीपर डोळे मिटते. तिला शिकवावं असं माझ्याकडे फारसं काही नाहीच. म्हणूनच ती हवीय!

श्याम सर सकाळी म्हणाले, "चित्रा मॅडम, घडवणं-बिडवणं ठीक आहे, पण विभागीय स्पर्धा आपल्याच टर्फवर आहे. घरच्या मैदानावर हरलो तर पुढच्या वर्षी पोरी कोण पाठवणार?" क्लबचे सेक्रेटरी आहेत, त्यांना असं बोलावंच लागतं. पण जाता जाता एक वाक्य टाकून गेले – "जिल्हा संघाला कोच बदलायचाय म्हणे. बघतायत सगळीकडे."

ते वाक्य दिवसभर कानात.

निवेदिताचं नाव लिहिलं. पेनानं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काय बोलून बसले मी!

सकाळी यादी लावली. पोरी झुंबड करून वाचत होत्या. करिष्मा सगळ्यात मागे थांबली. गर्दी हटल्यावर पुढे आली, बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचली, परत वरपासून वाचली. मग माझ्याकडे आली. रडत नव्हती.

"मॅडम, माझं नाव लिहायचं राहिलंय का?"

राहिलंय का! तिला वाटलं मी विसरले.

उत्तर तयार होतं. काल पाठ केलं होतं. 'तू अजून तयार नाहीस, या या गोष्टी कमी पडतात, त्या आपण करून घेऊ.' सरळ, साधं. ते तोंडाशी आलं आणि जूनमधली मी आठवले. 'तयार नाहीस' म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग तुम्हीच म्हणाला होतात ना मॅडम, तयार नसलेल्यांनाच घेणार? तिनं विचारलं नसतंही. पण मला ते ऐकू आलं.

म्हणाले, "तुझ्या जन्माच्या दाखल्यात घोळ आहे. शाळेची तारीख चालत नाही म्हणतायत. मी तरी काय करणार?"

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "म्हणजे खेळामुळे नाही ना?"

"नाही गं."

वर तिच्या डोक्यावरून हातही फिरवला.

५ नोव्हेंबर

फाईल काढून पाहिली. करिष्माच्या कागदात काहीही घोळ नाही. शाळेचा दाखला, शिक्का, सही. जन्मतारीख १ जून २०१०. बाकीच्यांचे कागद जसे, तसाच तिचा. कुठेतरी एका जागी खरं लिहिलेलं असावं म्हणून इथे लिहिते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्योतीराम यांचा फोन. चाकणहून, जेवणाच्या सुट्टीत. मागे मशीनचा आवाज.

"मॅडम, लेकरू म्हणलं दाखल्याचं काहीतरी हाय. कोणता कागद लागतो?"

तिथेच सांगता आलं असतं. 'अहो, गैरसमज झाला.' तीन शब्द. मी म्हणाले, "ग्रामपंचायतीचा मूळ उतारा. जिथे जन्म झाला तिथला." मुद्दाम अवघड सांगितलं. वाटलं, एवढं लांब कोण जाणार? लातूरकडचं गाव. यादी सोमवारी वर जाणार, म्हणजे विषय संपला.

"बरं मॅडम," म्हणाले. "तुमी सांगितलं म्हून कळलं. न्हाईतर आमाला कोण सांगतंय."

१० नोव्हेंबर

यादी गेली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

करिष्मा रोज येतेय! तळवड्याहून निगडीची बस, तिथून दुसरी. साडेसहाला टर्फवर हजर. यादीतल्या दोघी उशिरा आल्या, ही नाही.

मी तिला दुसऱ्या टोकाला पासिंगला लावते. तिथून ती मला दिसत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सराव संपल्यावर करिष्मा स्टिक पिशवीत घालता घालता म्हणाली, "मॅडम, बाबा काल गावाला गेले. दाखला आणायला."

मी म्हणाले, "अरे वा."

अरे वा!

१६ नोव्हेंबर

फोन करायला हवा. 'परत या, कागद नकोय.' चार वेळा नंबर काढला. काय सांगणार? का नकोय?

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

मी शिकवते ती शाळा सुटल्यावर ज्योतीराम फाटकाशी उभे. डोळे लाल, दाढी वाढलेली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद आणि दुसऱ्या पिशवीत तुरीच्या हिरव्या शेंगा.

आधी स्वतःच्या गावी गेले. तिथे नोंदच नाही. मग लक्षात आलं, बाळंतपण करिष्माच्या आजोळी झालेलं, केजजवळ. तिकडे गेले. ग्रामसेवकाकडे तीन गावं, सोमवारी सापडला. त्यानं जुनी वही काढली. बुरशी लागलेली. पान न् पान उलटून शोधलं, म्हणे. मंगळवारी उतारा हातात पडला.

"मॅडम, तुमचं बरोबर होतं बगा."

माझं काय बरोबर होतं? मी कागद घेतला.

जन्मतारीख १९ सप्टेंबर २०११.

"आमी हितं आलो तवा तिच्या चुलतबहिणीसंगं शाळेत घातली. कागद नव्हता. मास्तरांनी एक जून टाकली दोघींची. आमच्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो मॅडम!" हसले. "म्हंजे पोरगी सव्वा वर्षानं लहान निघाली. गावाकडं एक मास्तर भेटले, ते म्हणले पुढल्या वर्षी बी ह्याच वयोगटात बसती. तुमच्यामुळं एक वरीस वाढलं तिचं."

मग हात जोडले. मला. शाळेच्या फाटकात, सगळ्यांसमोर.

"आता यादीत...?" असं अर्धवट विचारलं. मी सांगितलं, यादी गेली. "असू द्या," म्हणाले, "पुढच्या टायमाला."

शेंगा घेतल्या मी. नको म्हणता आलं नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर पडल्यात. सोलवत नाहीत.

२० नोव्हेंबर

माझी सरावाची वही चाळली. करिष्माच्या नावापुढे मीच लिहिलेलं –

जुलै: 'पंधरा वर्षांच्या मानाने पायात जोर नाही.' ऑगस्ट: 'वय वाढतंय, वाढ नाही.' ऑक्टोबर: 'हिच्यावर अजून किती वेळ घालवायचा?'

पंधराची नव्हतीच ती. ऑगस्टमध्ये तेरा वर्षांची होती! तेरा वर्षांची पोर पंधरा-सोळाच्या मुलींना अडवत होती आणि मी तिच्यापुढे फुल्या मारत होते. तिच्या वयाच्या मुली अजून आमच्या छोट्यांच्या गटात शंकूंभोवती चेंडू फिरवतात.

मुली घडवायच्या म्हणे. समोर घडत होती ती दिसली नाही.

मला कागदावरून कसं कळणार होतं, असं मनाशी म्हणून पाहिलं. पण कागद पाहून नव्हे, पोरीला पाहून कळायला हवं होतं. दुधाचे दात पडलेत की नाही एवढ्यावरून वय ओळखणाऱ्या बाया असतात. मी वीस वर्षं पी.टी. शिकवतेय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

करिष्मानं सहज सांगितलं. शूजची लेस बांधत.

"सोमवारी बाबांची कंपनीत परीक्षा होती. पर्मनंटची. ते गावाला होते ना, राहिली. सात वर्षांनी नाव लागलं होतं." मग, माझा चेहरा बघून असेल, "पुढच्या वर्षी होईल म्हणालेत मॅडम. होते दरवर्षी."

होते दरवर्षी. पण नाव लागायला सात वर्षं गेली.

फाटकात उभे होते तेव्हा यातला एक शब्द बोलले नाहीत.

२३ नोव्हेंबर

शेंगा वाळल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

स्पर्धा सुरू. पहिला सामना ४–०. निवेदिताचे तीन गोल. तीन नवख्यांपैकी एकीला शेवटची चार मिनिटं उतरवली. बाकी दोघी बाकावर.

करिष्मा घरचं कुणी नसताना एकटी बघायला आली. कठड्याला धरून ओरडत होती – "मागे बघ! डावीकडे मोकळी आहे!" तिला दिसत होतं. मैदानाबाहेरून सगळं दिसत होतं तिला.

३० नोव्हेंबर, रविवार

जिंकलो! २–१.

चषक. फोटो. पोरींनी मला उचलायचा प्रयत्न केला. श्याम सरांनी माईकवर सांगितलं, "आमच्या चित्रा मॅडमचं ब्रीद म्हणजे प्लेअर डेव्हलपमेंट! निकाल आपोआप येतात, त्याचं हे उदाहरण!" टाळ्या.

बाकावरच्या त्या दोघी फोटोत कडेला उभ्या होत्या. पूर्ण स्पर्धेत टर्फवर पाय नाही. कपड्यांना एक डाग नाही. त्यातल्या एकीच्या आईनं मला पेढा भरवला आणि हळूच म्हणाली, "पाच मिनिटं तरी घ्यायला हवं होतं हो."

पेढा तोंडात. मी मान हलवली.

२ डिसेंबर, मंगळवार

श्याम सरांना सगळं सांगितलं. दाखला, गाव, परीक्षा. वाटलं ओरडतील. कमिटीपुढे उभं करतील. खरं सांगायचं तर तेच हवं होतं. कुणीतरी शिक्षा द्यावी आणि हे संपावं.

शांतपणे ऐकलं. मग दार लोटून घेतलं. "मॅडम, ती माणसं तक्रार करणार नाहीत. त्यांना माहीतच नाही. तुम्ही कशाला उकरून काढताय? उद्या जिल्ह्याचं पत्र येईल, तेव्हा हे मध्ये नको."

"पण मी खोटं बोलले."

"सगळे कोच बोलतात. पोरीचं मन राखायला बोललात. आणि फायदाच झाला की तिचा! एक वर्ष मिळालं."

मी मान हलवली नाही एवढंच. उठून आले.

फायदाच झाला! हे वाक्य मी स्वतःशी आठवडाभर म्हणत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा किळस आली.

४ डिसेंबर, गुरुवार

तळवड्याला जाऊन आले.

कंपन्यांच्या मागच्या गल्लीत चाळीसारख्या खोल्या. बाहेर करिष्माची स्टिक दाराच्या कोपऱ्यात, कापडात गुंडाळून. ज्योतीराम पहिल्या पाळीहून आलेले. सुमनताई, करिष्माची आई, आयटी पार्कच्या कँटीनमध्ये पोळ्या करते, तीही घरी होती. मला बघून दोघांची धांदल. एकुलती एक खुर्ची पुसली. चहा टाकला.

म्हटलं चहा नको, आधी ऐका. नाही ऐकलं. चहा झाला, कप हातात दिला, मग बसले. तो कप हातात धरून बोलले मी.

सगळं. दाखल्यात घोळ नव्हता. मला निवेदिता हवी होती, कारण मला जिंकायचं होतं. आणि तसं सांगायची हिंमत नव्हती. तुम्ही गावाला गेलात ते माझ्या खोट्यापायी. परीक्षाही त्याच्यापायी गेली. मला माफ करा.

शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत होता.

सुमनताई आधी बोलली. "आमी देवाजवळ दिवा लावताना तुमचं नाव घेत होतो, बाई." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

करिष्मा भिंतीशी उभी होती. ती माझ्याकडे नाही, वडिलांकडे बघत होती. त्यांचं काय होतंय ते बघत होती.

ज्योतीराम माझ्यासमोर सरकून बसले. मग म्हणाले, "परीक्षेचं सोडा. ती माझी म्या बघून घेईन. मला एकच सांगा. हिच्यात खेळ हाय का न्हाई?"

"आहे," मी म्हणाले. लगेच म्हणाले. "खूप आहे. ती वयानं लहान होती, मला कळलं नाही –"

त्यांनी हात वर केला.

"आता हे बी खरं कसं मानायचं, मॅडम?"

वीस वर्षांत मी शेकडो पोरींना 'छान', 'जमेल', 'तुझ्यात आहे' म्हटलंय. त्या एका वाक्यानं ते सगळं पुसलं.

चहा तसाच राहिला. निघताना कुणी दारापर्यंत आलं नाही.

५ डिसेंबर

करिष्मा आली नाही.

७ डिसेंबर, रविवार

ना-हरकत पत्र लिहिलं. क्लबच्या कागदावर, माझ्या सहीनं. करिष्मा कुठल्याही दुसऱ्या क्लबात जाऊ शकते, आमची अडचण नाही. पिंपरीतल्या दुसऱ्या एका कोचशी बोलून ठेवलंय. चांगली बाई आहे, पोरींना वेळ देते.

तळवड्याला नेऊन दिलं. सुमनताईनं दारातच घेतलं. "ठेवते," एवढंच.

परत येताना बसमध्ये वाटलं, मोकळी झाले. मग वाटलं, मोकळी व्हायला तर गेले होते. तिच्यासाठी गेले होते की माझ्यासाठी? रोज सकाळी ती पोर समोर दिसायला नको म्हणून?

हेही लिहून ठेवते.

८ डिसेंबर

जिल्ह्याचं पत्र आलं. जानेवारीपासून मी. श्याम सरांनी ग्रुपवर टाकलं, सत्तावन्न अभिनंदनं.

'विचार करून कळवते' असं उत्तर पाठवलं. दोन मिनिटांत सरांचा फोन. उचलला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सरावाआधी पोरींना गोल बसवलं. जूनमध्ये काय म्हणाले होते ते सांगितलं आणि केलं काय तेही. करिष्माचं नाव घेतलं नाही – ते तिचं तिनं सांगायचं. बाकावरच्या दोघींची माफी मागितली. त्या लाजून हसल्या. निवेदितानं हात वर केला. "मॅडम, म्हणजे मी नको होते का?"

तिचं काय चुकलं? "तू हवी होतीस. तुझ्या नावाआड मी लपले, ते चुकलं," म्हणाले. तिला किती कळलं कोण जाणे. सरावभर तिचे फटके बाहेर जात होते. एक चूक किती जणींना पुरते!

जिल्ह्याला 'नाही' असं कळवलं. जो माणूस इथली अठरा नावं सरळ लिहू शकला नाही, त्यानं जिल्ह्याची काय लिहावीत.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी टर्फच्या दारात ज्योतीराम आणि करिष्मा. ते रात्रपाळीहून थेट, कंपनीच्या निळ्या शर्टात. खिशातून माझं पत्र काढून हातात दिलं. "दुसरीकडं कुणी खोटं बोललं तर आमाला कळायचं बी न्हाई. तुमी घरी येऊन सांगितलंत. पर आता हिला जे सांगायचं ते माझ्यासमोर. बोला, काय कमी हाय हिच्यात?"

बोलले. करिष्माकडे बघून. चेंडू आला की तुझी मान खाली जाते, कोण मोकळं आहे ते बघत नाहीस. उलट्या हातानं चेंडू थांबवता येत नाही. तिसऱ्या सत्रात पाय जड होतात, ते वयानं भरून येईल. बाकीचं रोजच्या सरावानं, वर्ष लागेल.

तिनं सगळं ऐकलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"एवढंच होतं, मॅडम?"